सव्वाचा फेरा

सुरतेत, आमच्या लिंबायतच्या घराच्या गच्चीवर, कपडे वाळत घालायच्या तारेला, एक काळा प्लास्टिकचा पंजा टांगलेला असायचा. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय गं बाई, दृष्ट लागू नये म्हणून बांधलंय का? मी म्हणायची, नाही हो, आमच्या आबांचं आहे, वाळत घातलंय. मग विचारणारा पुन्हा एकदा वर बघायचा.

तो गाडीच्या इंजिनाचा पंजा होता. चार वाकड्या नळ्या, एका टोकाला एकत्र आलेल्या, दुसऱ्या टोकाला एका पट्टीवर ओळीनं उघडणाऱ्या. इंजिन जी हवा आत ओढतं ती या चार नळ्यांतून चार सिलिंडरांत वाटली जाते. पुस्तकात त्याला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. गॅरेजात एवढं लांबलचक कोण म्हणणार? चार बोटं दिसतात, म्हणून पंजा.

एरवी गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट इतका, की शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागायचं. पण आठवड्यातून एक दिवस वीज बंद असायची, माग थांबायचे, आणि गल्ली एकदम बहिरी झाल्यासारखी वाटायची. त्या दुपारी तापीकडून वारा आला की पंजा घुमायचा. हूंऽऽ, मग जरा थांबून पुन्हा हूंऽऽ. मी खाली फरशीवर ओला पदर पसरून पडलेली असायची, अर्धवट झोपेत, आणि मला वाटायचं, घरच श्वास घेतंय. आजही दुपारी डोळा लागला की तो आवाज येतो. कुठून येतो हे मी आता शोधत नाही.

आबा म्हणजे माझे वडील. खान्देशातल्या गिरणाकाठच्या गावातून सुरतेला आले ते मागावर काम करायला, पण मागापेक्षा मागाची मोटर त्यांना जास्त आवडली. मोटर बिघडली की मालक मिस्त्रीला बोलवायच्या आधी आबांना हाक मारायचा. असं करता करता ते भेस्तानच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात गेले आणि तिथलेच झाले. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण कान असा, की गाडी फाटकातून आत येईपर्यंत तिचं दुखणं सांगून मोकळे. लोखंडाचा, ॲल्युमिनियमचा पंजा हातात आला की बाई बाजारात माठाला टिचकी मारून बघते तशी ते त्याला टिचकी मारायचे आणि डोकं कलतं करून ऐकायचे. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर कुठेतरी तडा. वीस वर्षांत त्यांचं हे चुकलेलं मी ऐकलं नाही.

घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. माझं आणि आईचं बोलणं मी इथे साधं करून लिहिते आहे, पण आबांचं तसंच ठेवते. ते साधं केलं की आबा राहत नाहीत.

त्यांची एक खोड होती, तीच या सगळ्याचं मूळ. पंजा बसवताना ते मधला बोल्ट आधी आवळायचे, मग त्याच्या दोन्ही बाजूंचे, आणि शेवटी टोकांचे. सगळ्यात शेवटचा बोल्ट गाडीच्या पुढच्या काचेकडच्या कोपऱ्यातला. तो पुरता आवळला की पाना एक क्षण थांबायचा, आबांचे ओठ हलायचे, आणि मग आणखी पाव फेरा. एवढाच. पाव. तो पाव फेरा कानबाईचा.

कानबाई आमची खान्देशची देवी. श्रावणात येते. सुरतेत आमचे लोक इतके, की त्या दिवशी लिंबायत पाहून कुणाला वाटावं, आपण चुकून जळगावात उतरलो. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या एकेकाच्या नावानं गहू घेतात, तो सव्वा मूठ. नुसती मूठ कधीच नाही. एक मूठ माणसाची, वरचा पाव देवीचा. आबांनी हेच बोल्टला लावलं होतं. "पुरं ते मानूसनं," ते म्हणायचे, "वरलं पाव तिनं. सव्वा व्हवाशिवाय काम पुरं व्हत नई." आणि खरं सांगायचं तर लोखंडाला ते मानवायचंही. आबांनी बसवलेला पंजा हलला, गळला, असं कधी झालं नाही. मग श्रद्धा का बसू नये?

मी बारावी झाले तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि गॅरेजात नव्या गाड्या यायला लागल्या होत्या. कार्ब्युरेटर गेले, वायरींची जाळी आली, आणि गाडीबरोबर इंग्रजी पुस्तकं आली. शेठ गुजराती माणूस, स्वभावानं भला, पण इंग्रजीच्या नावानं त्यालाही घाम फुटायचा. आबांनी हळूच माझं नाव पुढे केलं. अशी मी तिथे चिकटले. जॉब कार्डं लिहायची, पुर्जे काढून द्यायचे, आणि कुणी अडलं की पुस्तक उघडून वाचून सांगायचं. गॅरेजात पोरगी म्हणून सुरुवातीला चार जण बघायचे. मी उलट बघितलं की बघायचे थांबायचे.

रोज सकाळी आबा आणि मी शटल रिक्षात दाटीवाटीनं बसून निघायचो. पांडेसऱ्याच्या बाजूनं आलं की खाडीचं पाणी दिसायचं. कापड रंगवणाऱ्या डाईंगवाल्यांनी सोडलेला रंग. एखाद्या दिवशी गुलाबी, एखाद्या दिवशी हिरवं, कधी दोन्ही रंगांचे पट्टे एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहत जायचे. घाण होती ती, मला कळत होतं. तरी मी रोज मान वळवून बघायची, आज कुठला रंग आहे ते. आबा बघायचे नाहीत, ते रिक्षाचं इंजिन ऐकत असायचे.

प्लास्टिकचा पहिला पंजा गॅरेजात उघडला त्या दिवशी सगळे काम सोडून जमले. इंजिनात प्लास्टिक? आबांनी तो हातात घेतला आणि हात एकदम वरच गेला, इतका तो हलका. टिचकी मारली. टप्प. पुन्हा मारली. टप्प. चांगला असला तरी टप्प, वाईट असला तरी टप्प. आबांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता, भर बाजारात ओळखीच्या माणसाचं नाव विसरल्यासारखा.

"हाई काय खेळणं शे का?" ते म्हणाले.

मी वातावरण जरा हलकं करायला म्हटलं, "आबा, पंजा म्हणता, चारच बोटं आहेत. याचा अंगठा कुठे गेला?"

"आंगठा मी कागदवर लाई उनू," आबा म्हणाले, आणि सगळे हसले. सही येत नसल्यामुळे ते पगाराच्या कागदावर अंगठा उठवायचे. स्वतःवर असं हसणारा माणूस होता तो.

त्या गाडीच्या इंजिनाच्या हेडचं, म्हणजे वरच्या भागाचं, काम होतं, म्हणून पंजा काढून परत बसवावा लागला. आबांनी बसवला. महिन्याभरात गाडी परत आली. उभ्या जागी धापा टाकत होती, आवाज वर जायचा, खाली यायचा, दमेकऱ्यासारखा. बाहेरची हवा कुठूनतरी आत घुसत होती. आबांनी उदबत्ती पेटवली. शेठ लांबून ओरडला, "काका, पेट्रोल छे, पेट्रोल!" पण आबांची ही जुनी रीत. उदबत्ती पंज्याच्या पट्टीवरून सावकाश फिरवायची. धूर सरळ वर जात राहिला, जात राहिला, आणि काचेकडच्या कोपऱ्यात आला तसा एकदम वाकला आणि आत गेला, कुणीतरी ओढून घेतल्यासारखा. बोल्ट जिथून जातो त्या कडीला आम्ही कान म्हणायचो. तो कान तडकला होता.

"फुटकं प्लास्टिक," आबा म्हणाले. शेठही तेच म्हणाला. नवा पंजा मागवला, तो दुसऱ्या कुणीतरी बसवला, विषय संपला.

दुसऱ्या गाडीचंही तेच झालं. काम आबांचं, महिनाभर गाडी ठीक, मग धापा, मग उदबत्ती, आणि धूर त्याच कोपऱ्यात आत. या वेळी शेठनं तो धूर स्वतः वाकून बघितला. दोन दिवसांनी त्यानं आबांना चहाला बोलावलं. मी जॉब कार्डं लिहीत बाजूलाच होते. चहा देऊन कुणी वाईट बातमी सांगायला लागलं की मी अजून कप खाली ठेवते.

"काका," शेठ खाली बघत म्हणाला, "त्रीजुं फाटशे तो पछी नवी गाडीने हाथ नहि लगाडवानो." तिसरा फुटला तर नव्या गाडीला हात लावायचा नाही. जुन्या गाड्या आहेत की, त्या बघा, असंही तो म्हणाला. पण जुन्या गाड्या होत्या किती? महिन्याला दोन आल्या तर डोक्यावरून पाणी. बाकीचे दिवस आबांनी काय करायचं, गाड्या धुवायच्या? ज्या माणसाला फाटकातून गाडीचं दुखणं कळत होतं, त्यानं हातात फडकं घेऊन उभं राहायचं?

आबांनी मान हलवली, चहा पुरता प्यायले, कप स्वतः विसळून ठेवला. त्या दिवशी रिक्षात त्यांनी इंजिनही ऐकलं नाही.

मग ते त्या प्लास्टिकच्या मागे लागले. दुसरा तडकलेला पंजा त्यांनी घरी आणला आणि त्याची अशी काही परीक्षा घेतली की विचारू नका. पत्र्यावर आठवडाभर उन्हात ठेवला. पाण्याच्या पिंपात बुडवला. एकदा आईच्या मोठ्या पातेल्यात घालून स्टोव्हवर उकळत ठेवला, तेव्हा आईचा तोल सुटला. "आता याच पातेल्यात मी पुरण शिजवू का? नाचता येईना अंगण वाकडं, म्हणे प्लास्टिक वाईट!" आई असं बोलून गेली आणि तिलाच वाईट वाटलं. आबा हसले नाहीत. उकळत्या पाण्यातून त्यांनी पंजा बाहेर काढला, पुसला, जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहिले. काही झालं नाही. तो ना वितळला, ना वाकला.

"हाई मरत नई," ते म्हणाले. "ऊन खास, पानी पेस, तरी मरत नई. मंग मना हातमाच काबर फुटस?"

माझ्याच हातात का फुटतं? त्या दिवसांत मला दुसरं काही सुचत नव्हतं. त्यांनी तो पंजा गच्चीच्या तारेला अडकवून ठेवला, वाऱ्यात तरी काय करतो बघू म्हणून. तेव्हापासून तो घुमायला लागला. माग बंद असले की मी वर जाऊन त्याच्याखाली बसायची. वाळत घातलेल्या नऊवारी, पंज्याचा तो लांब सूर, दूर डाईंगच्या चिमण्या. मला गुंगी यायची. वाटायचं, तो काहीतरी सांगतोय, आणि मला गाड्यांची अख्खी पुस्तकं वाचता येतात, पण हे एक वाक्य वाचता येत नाही.

नागपंचमीनंतरचा शनिवार होता. दुसऱ्या दिवशी कानबाई बसणार होती. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून तयार ठेवलं होतं, कोपऱ्यात गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, येऊन पडलं होतं, आणि आई सुपात रोटांचे गहू मोजत होती. आबांच्या नावाची एक मूठ घातली. मग पुन्हा पोत्यात हात घातला, चिमटीएवढे गहू घेतले आणि वर टाकले. सुपातली रास तोवर काठाला आली होती. त्या वरच्या चिमटीनं काठावरचे दाणे घसरले आणि फरशीवर सांडले.

मी ते सांडलेले दाणे वेचत होते. वेचता वेचता हात थांबला.

पुरं झाल्यावर वर टाकलेला पाव. शेवटचा बोल्ट. काचेकडचा कोपरा. दोन्ही गाड्यांत तोच कान.

अगं बाई! मी मोठ्यानं म्हणाले. आई म्हणाली, काय झालं, विंचू चावला? मी काही नाही म्हटलं आणि गच्चीवर पळाले. पंजा तारेवरून काढला, मांडीवर घेतला. तडा बघितला. कानाच्या भोकात बसवलेल्या पितळी वळ्यापासून तो निघाला होता, आवळण्याच्या दिशेनं. लोखंडाला जो पाव फेरा मानवायचा तो या पोराला सोसत नव्हता. लगेच फुटायचाही नाही. निमूट सोसायचा, इंजिनाच्या गरमीत महिनाभर फुगायचा, आकसायचा, आणि मग एक दिवस तडकायचा. प्लास्टिक मजबूतच होतं. त्याला फक्त पुरतं आवळायचं होतं, वर देवीचं काही नको होतं. कानबाईच्या नावानं कान फुटत होता, आणि फोडणारा माझा बाप होता.

आता सांगायचं कसं? आबांना चूक दाखवायची तर ती कशी दाखवायची, तुमची देवी यात नको, अशी? उद्या जिची स्थापना, तिचा वाटा आज काढून घ्या म्हणू? आणि न सांगावं तर तिसरा पंजा ठरलेला. मला रडू आलं. देवीचाही राग आला, खोटं कशाला बोलू. हिला गव्हात पाव मिळतो, गुळात मिळतो, बोल्टमध्ये कशाला हवा?

रविवारी कानबाई बसली, बायकांनी फुगड्या घातल्या, मीही घातल्या, आणि गरगर फिरतानाही डोक्यात एकच. सोमवारी तिला वाजतगाजत पोचवून आलो. मंगळवारी गॅरेजात पंजा काढून बसवायची तिसरी गाडी आली. भेस्तानातल्या एका डॉक्टरीणबाईंची, बाळंतपणं करायच्या त्या. अडलेल्या बाईकडे कुठल्याही वेळी निघायच्या, त्यांची गाडी रस्त्यात बंद पडून चालणार नव्हतं. शेठनं आबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि किल्ली आबांच्या हातात दिली.

नव्या गाड्यांबरोबर शेठनं एक टॉर्क पाना घेतला होता. त्याच्या दांड्यावर आकडा लावायचा, बोल्ट तेवढा आवळला गेला की तो टिक असा वाजतो, मग थांबायचं. लाल डब्यात नव्या नवरीसारखा पडून होता. आबा त्याला टिकटिक्या म्हणायचे आणि हात लावायचे नाहीत. आपलं मनगट काय मेलंय का, असं त्यांचं म्हणणं. मी डबा उघडला. पुस्तक उघडलं. आकडा लावला. आणि खोटं बोलले.

"आबा, या पुस्तकात लिहिलंय," मी म्हटलं, "कंपनीनं सव्वा यातच धरलाय. टिक वाजलं की सव्वा झाला. वरून द्यायची गरज नाही."

आबांनी पुसत असलेला हात थांबवला. "कंपनीले सव्वा मालूम शे?"

"असणारच. छापलंय ना."

"कोठे? दाखाड."

मी पानावर बोट ठेवलं. कुठे ठेवलं ते मलाही माहीत नव्हतं. आबा वाकून बघायला लागले. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण आकडे ओळखायचे. आणि सव्वा तर चांगलाच ओळखायचे, जुन्या पद्धतीचा, एकाच्या पुढे एक उभी काडी, १।. गावी त्यांच्या लहानपणी वाण्याच्या वहीत तसा असायचा. माझ्या बोटाखाली असलं काही नव्हतं. तिथे तेल कधी बदलायचं ते लिहिलेलं होतं, हे मला नंतर दिसलं. माझं बोट थरथरत होतं. आबा त्या बोटाकडे बघत होते, पानाकडे नाही.

"हं," ते म्हणाले. "लिखेल शे तर मंग."

त्यांनी टिकटिक्या उचलला. मधला बोल्ट, टिक. त्याच्या डावीकडचा, टिक. उजवीकडचा, टिक. टोकाचा, टिक. कडुलिंबाखाली दुपार झाली होती, रेडिओ कुणीतरी बारीक करून ठेवला होता, सावल्या बॉनेटवर हलत होत्या. मला वाटत होतं, मी हे स्वप्नात बघते आहे आणि जागी झाले तर टिक ऐकू येणार नाही. शेवटचा बोल्ट. काचेकडचा कोपरा. टिक.

पाना थांबला. आबांचे ओठ हलले. वर्षानुवर्षांची सवय, मनगट आता वळणारच.

आबांनी पाना बोल्टवरून उचलला. हातभर वर घेतला, डोळे मिटले, आणि हवेत, मोकळ्या हवेत, पाव फेरा दिला. मग पाना पुसून लाल डब्यात ठेवला आणि पाणी प्यायला निघून गेले.

मी तशीच उभी राहिले. त्यांना माझं खोटं कळलं होतं का? की पुस्तकावर विश्वास ठेवूनही त्यांना राहवेना म्हणून देवीला दिला? विचारायची माझी हिंमत नव्हती. त्या दिवशी जेवताना आईनं विचारलं, "गाडीला सव्वा दिला ना? सणाचा आठवडा आहे."

"दिधा," आबा म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा मोडला. माझ्याकडे बघितलं नाही.

मग सुरू झालं वाट बघणं. आधीचे दोन्ही महिन्याभरात फुटले होते. गणपती बसले आणि गेले. फाटकातून कुठलीही गाडी धापा टाकत आली की माझा जीव टांगणीला लागायचा. नवरात्र गेलं. शेठनं अजून आबांना दुसरी नवी गाडी दिली नव्हती, तोही वाट बघत होता. आबा जुन्या गाड्यांची कामं करायचे, ती लवकर संपायची, मग बाकड्यावर बसून स्वच्छ पाने पुन्हा पुसायचे. मला ते बघवायचं नाही. मी स्वप्नात डॉक्टरीणबाईंची गाडी बघायची. पाऊस असायचा, रस्ता खाडीसारखा गुलाबी, आणि गाडी मधोमध हुं हुं करत थांबलेली, आमच्या गच्चीवरच्या पंज्याच्या आवाजात.

दिवाळी झाल्यावर गाडी आली. धापा टाकत नाही, आपल्या पायांनी, साध्या सर्व्हिसिंगला. फाटकातून आत येतानाच आबांनी डोकं कलतं केलं. मी त्यांच्याकडे बघत होते, गाडीकडे नाही. त्यांच्या कपाळावरची आठी सुटताना दिसली.

तरी त्यांनी उदबत्ती पेटवली. शेठ या वेळी ओरडला नाही, जवळ येऊन उभा राहिला. इंजिन शांत चालू होतं. आबांनी उदबत्ती पट्टीवरून नेली. मधला कान, धूर सरळ. डावा, उजवा, सरळ. काचेकडचा कोपरा. धूर वर गेला. सरळ, बॉनेटच्या वर, कडुलिंबाच्या पानांपर्यंत. आबांनी उदबत्ती तिथेच धरून ठेवली, संपेपर्यंत, आणि मी त्या धुराकडे बघत राहिले. राख गळून पडली तेव्हा कुठे मला कळलं, की माझे डोळे वाहताहेत.

"काका," शेठ म्हणाला, "काले बे नवी गाडी आवे छे." उद्या दोन नव्या गाड्या येताहेत. आणि तो निघून गेला.

आबांनी हात पुसले. फडकं खांद्यावर टाकलं. मग माझ्याकडे न बघता, आवाज खाली करून म्हणाले, "तेल बदलानं पान व्हतं ना ते?"

मी मान हलवली.

"तेलना डब्बानं चित्र व्हतं. तेवढं तर माले बी वाचता येस." ते हसले, फार महिन्यांनी. "पन तुना हात थरथरे, तव्हय मी समजनू, पोरगी मनासाठे देवीसंगे खोटं बोली राहिनी. मंग तिले मी हवामा दिधा. माय शे ती, कोठूनबी ली लेस."

"आणि आईला?" मी विचारलं. "आईला तुम्ही दिधा म्हणालात."

"ते बी पावभर खोटंच." त्यांनी लाल डबा उघडून आतला पाना नीट सरळ केला आणि झाकण लावलं. "तुनं एक खोटं, मनं पाव. व्हयना ना सव्वा? आते काम पुरं व्हयनं."